पेट्रोलच्या दोन दांड्या

समोर मी माझ्या नवऱ्याला 'तुम्ही' म्हणते आणि चारचौघांत 'हे' म्हणते. कागदावर तेवढ्या आदराची मला गरज वाटत नाही. तो एका कारखान्यात फिटर म्हणून लागला आणि सुपरवायझर होऊन निवृत्त झाला. जगातलं प्रत्येक यंत्र आपल्याला विचारून बनवायला हवं होतं, असं तेव्हापासून त्याचं मत आहे. मिक्सर बिघडला की तो मिक्सर बनवणाऱ्याची अक्कल काढतो. मग मी मिक्सर पिशवीत घालून दुकानात नेते आणि दुरुस्त करून आणते.

आमची जुनी स्कूटर होती तिला डाव्या हातात गिअर होते आणि उजव्या पायाखाली ब्रेक. ती शेवटी भंगारात गेली तेव्हा बंगलोरच्या मुलीनं फोनवर सांगितलं, "बाबा, अब बिना गियरवाली घ्या. आई पण चालवेल." जबलपूरमध्ये वाढलेल्या मुलीचं मराठी असंच असतं, वाक्याचा एक पाय हिंदीत.

"तुझ्या आईला चालवून जायचं कुठं आहे?" नवरा म्हणाला.

मी सगळी नोकरी प्राथमिक शाळेत केली. रोज ऑटो बदलून शाळेत जायचे. तेव्हाही मी कुठं जाते हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

शोरूममध्ये टाय लावलेल्या एका माणसानं नवीन स्कूटर दाखवली. काट्याऐवजी काचेची स्क्रीन, तिच्यात स्पीडचे मोठे आकडे, बाजूला पेट्रोलच्या दांड्या, खाली घड्याळ आणि गाडी किती चालली ते. वरच्या कडेला बारीक दिवे. "सर, पूरा डिजिटल है," तो म्हणाला. नवऱ्यानं मान डोलावली. मी विचारलं, "ये पीला वाला क्या बताता है?" त्या माणसानं उत्तर दिलं, पण माझ्याकडे न बघता नवऱ्याकडे बघून. "सर, वो इंजन की लाइट है. मॅडम को कलर दिखा दूँ?"

मी रंग बघायला गेले नाही. निळा कशाचा, हिरवा कशाचा, हँडलवर उजव्या बाजूचा लाल खटका कशाला, सगळं विचारलं. माणूस नाइलाजानं सांगत गेला आणि नवरा तिसरीकडेच बघत उभा राहिला. बाहेर आल्यावर म्हणाला, "तुला काहून एवढं पाहिजे? मागंच तर बसायचं आहे. आणि हे सगळं मला माहीत आहे. आम्ही कारखान्यात याच्या आजोबा शोभतील अशा मशिनी चालवल्या."

पहिल्याच आठवड्यात त्यानं आपली विद्या दाखवली. सेल्फचं बटण उजव्या हाताशी आणि हॉर्न डाव्या हाताशी. हा गाडी चालू करायला निघाला की हॉर्न वाजायचा. ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ घेत नाही हे त्याला सांगितलं तर म्हणाला, "उभ्या गाडीला ब्रेक कोण मारते?" मग गाडी चालू होईना की तिच्या खानदानाचा उद्धार. मी मागून हात घालून डावा ब्रेक दाबायचे. गाडी चालू व्हायची. "आली वळणावर," तो म्हणायचा.

बाजारात कमानिया गेटजवळ तर त्यानं कमाल केली. मी एका दुकानातून अस्तराचं कापड घेऊन आले तेव्हा गाडीभोवती माणसं गोळा झालेली. गाडी चालू होत नव्हती. नवरा एका भांड्याच्या दुकानदाराला समजावून सांगत होता की आजकालच्या कंपन्या बॅटरी डुप्लिकेट घालतात, यांना लोखंड कळत नाही, सब प्लास्टिक हो गया है. दुकानदार "सही बात है, भैया" म्हणत होता, कारण त्याला गाडी दुकानापुढून हलायला हवी होती. मी स्क्रीनकडे पाहिलं. तिच्यात साइड स्टँडची खूण लागलेली होती. स्टँड खाली असला की ही गाडी चालू होत नाही, हे शोरूमच्या माणसानं सांगितलं होतं.

"स्टँड लागून आहे," मी म्हणाले.

"तू थांब जरा, आम्ही बोलून राहिलो ना."

मी पायानं स्टँड वर केला. त्यानं बटण दाबलं आणि गाडी चालू झाली. भांडीवाला हसला नाही, एवढा तो सज्जन. घरी येईपर्यंत नवरा सांगत राहिला की इंजिन गरम झालं होतं, ते थंड झाल्यावर आपोआप चालू होणारच होतं. मी मागं बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, की या माणसाच्या हाताखाली इतकी वर्षं लोकांनी काम केलं, तर कारखान्याची भिंत अजून उभी कशी?

मग मी एक केलं. तो सकाळी पेपर वाचायला शेजारी गेला की मी अंगणात गाडीवर बसायचे आणि चावी फिरवून एकेक खटका दाबून बघायचे. डाव्या अंगठ्याशी अप्पर-डिप्पर. अप्पर केलं की निळा दिवा लागतो. इंडिकेटर ढकलला की हिरवा बाण. काही अवघड नव्हतं. दुसरीच्या मुलांना मी घड्याळ शिकवलं आहे, हे त्याहून सोपं होतं.

आता मागं बसल्यावर त्याच्या खांद्यावरून मला सगळं वाचता येऊ लागलं. आणि मला दिसायला लागलं की हा माणूस ते वाचतच नाही. संध्याकाळी निळा दिवा लागलेलाच असायचा. समोरून येणारे डोळ्यांवर हात धरायचे, शिव्या द्यायचे, आणि हा म्हणायचा, "लोकांना गाडी चालवता येत नाही." मी निळा दिवा दाखवला तर म्हणाला, "तो चालूच राहते. कंपनीनं तसाच दिला." घड्याळ नाकासमोर असताना मला विचारायचा, "किती वाजले?" मी याला माज समजत होते. नवं काही शिकायचंच नाही असा पुरुषी माज. माझ्या माहेरी, सासरी, शाळेत तो इतका पाहिला आहे की मला त्यात शोधण्यासारखं काही वाटलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी शहपुऱ्याला नणंदेच्या नातवाचं बारसं होतं. बसनं जाऊ म्हटलं तर नवऱ्याला नवी गाडी बहिणीच्या दारात उभी करायची होती. निघालो. शहर मागं पडल्यावर मी पाहिलं, पेट्रोलची एकच दांडी उरली होती. थोड्या वेळानं तीही उघडझाप करायला लागली.

"पेट्रोल भरून घ्या. पंप आला."

"आहे अजून. घाई काहून करून राहिली?"

पंप गेला. पुढं रस्ता मोकळा आणि उन्हानं पांढरा झालेला. एक म्हैस रस्ता ओलांडत होती, ती त्याला अगदी जवळ गेल्यावर दिसली आणि त्यानं असा ब्रेक मारला की माझं हेल्मेट त्याच्या हेल्मेटवर आपटलं. "म्हशी सोडून देतात लोक," तो म्हणाला. त्यानंतर थोड्याच अंतरावर गाडीनं आचके दिले आणि बंद पडली.

आम्ही उतरलो. त्यानं गाडी हलवून पाहिली.

"पेट्रोल संपलं," मी म्हणाले.

"कसं संपलं? दोन दांड्या आहेत."

तो स्क्रीनकडे बघूनच बोलत होता. ते बघणं माझ्या ओळखीचं होतं. शाळेत असं बघणारी मुलं मी दरवर्षी पाहिली होती. फळ्यावर काय लिहिलंय विचारलं की मान बरोबर फळ्याकडे वळवायची, डोळे बारीक करायची आणि कालचं पाठ केलेलं घडाघडा म्हणायची. त्यांना फळा दिसत नसायचा. बाईंना कळू नये म्हणून सगळी कसरत.

एक ट्रक शेजारून गेला. त्याच्या आवाजात मी हात पुढे करून चावी फिरवली. स्क्रीन विझली. नुसती करडी काच राहिली.

"आता नीट पाहा," मी म्हणाले. "किती आहेत?"

तो वाकला. घाम पुसला. चेहरा काचेच्या जवळ नेला.

"सांगितलं ना. दोनच."

"अहो, चावी बंद आहे. तिथं काहीच नाही."

तो वाकलेलाच राहिला. मग हळूच सरळ झाला, हेल्मेट काढलं आणि रस्त्याकडेच्या बाभळीच्या सावलीत जाऊन बसला. मी उभी होते. 

"डाव्या डोळ्यानं धुकं दिसते," तो शेवटी म्हणाला. "उजव्यानं जरा बरं."

"केव्हापासून?"

"मागच्या दिवाळीच्या आधीपासून. डॉक्टर म्हणे मोतीबिंदू आहे. दोन्हीकडं. ऑपरेशन करा म्हणे."

"मग?"

"बाबाचं ऑपरेशन बिघडलं होतं. त्यांचा एक डोळा त्याच्यातच गेला. तुला नाही माहीत, तू तेव्हा यायची होती."

सासऱ्यांना एका डोळ्यानं दिसत नव्हतं हे मला माहीत होतं. लहानपणी काही लागलं असेल, असं मी धरून चालले होते. या घरात पुरुषांचं दुखणं कोणी बोलून दाखवत नाही, बायकांचं कोणी ऐकत नाही.

त्याची भीती मला समजली, ती खोटी नव्हती. पण दिवाळीपासून हा माणूस मला मागं बसवून ट्रकांच्या, म्हशींच्या, शाळा सुटलेल्या मुलांच्या मधून धुक्यात गाडी हाकत होता, आणि दिसत नाही हे दोन शब्द बोलण्यापेक्षा त्याला मला मूर्ख ठरवणं सोपं वाटलं. भीतीची मला दया येते. भीतीला अक्कल म्हणून विकणाऱ्याची येत नाही. मी त्याला त्या झाडाखाली एवढंच म्हणाले, "चावी माझ्याकडं राहील." त्यानं वाद घातला नाही. त्याच्याकडे बघून मला पहिल्यांदा वाटलं की हा म्हातारा झाला, आणि तेही मला आवडलं नाही.

गाडी ढकलत आम्ही पुढच्या ढाब्यापर्यंत नेली, तिथं ठेवली आणि मिळेल त्या ऑटोनं शहपुऱ्याला पोचलो. दारातच नणंदेनं विचारलं, "गाडी कुठं आहे, भाऊ?" नवरा म्हणाला, "नवीन गाड्यांत दम नाही, ताई." मी पाय धुवायला आत गेले. पाळण्याच्या खोलीत भांडण काढायची माझी इच्छा नव्हती.

ऑपरेशन नीट झालं. एका डोळ्याचं आधी, दुसऱ्याचं नंतर. काहीही बिघडलं नाही. काळा चष्मा लावून तो दारातल्या ओट्यावर बसायचा आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक गाडीत खोट काढायचा.

तेवढ्या काळात मी गाडी शिकले. आमच्या शेजारची सून गोहलपुरात शिवणकामाचं छोटं वर्कशॉप चालवते. सकाळी ती मला मैदानावर घेऊन जायची. "दीदी, एक्सिलेटर को मरोड़ो मत, बस पकड़ो," ती म्हणायची. मी दोनदा पडले. एकदा ब्रेक दाबताना एक्सिलेटर सोडायचा विसरून गोलपोस्टला जाऊन भिडले आणि आरसा मोडला. नवऱ्याला त्या आरशानं फार आनंद झाला. भाजीवाल्यालासुद्धा त्यानं ते सांगितलं. मी लायसन्स काढलं, तेव्हा मात्र त्याला कोणाला सांगावंसं वाटलं नाही.

हिवाळ्यात नणंदेकडे पुन्हा जाणं झालं. या वेळी मी पुढं आणि तो मागं. सगळा रस्ता माझ्या कानाशी सूचना. "खड्डा." "बैल." "हॉर्न दे." दिसायला लागल्याचा इतका उपद्रव होईल असं डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. शहपुऱ्यात अंगणात सगळे बसले होते. नणंदेच्या व्याह्यांनी कौतुकानं विचारलं, "वहिनी या वयात शिकल्या?"

नवरा खुर्चीत मागं रेलला. "मीच शिकवलं," तो म्हणाला. "आजकालच्या गाड्या सोप्या आहेत. पण सांगणारा पाहिजे."

माझ्या हातात चहाचा कप होता. मी तो खाली ठेवला.

"यांना तेव्हा मीटर दिसत नव्हतं," मी म्हणाले. "बंद केलेल्या मीटरवर यांनी मला दोन दांड्या दाखवल्या. मोतीबिंदू दिवाळीपासून लपवून मला मागं बसवून फिरले. शिकवलं म्हणाल तर एवढंच शिकवलं."

 व्याही आपल्या चपलेकडे बघत राहिले. मग नणंद म्हणाली, "भाऊ, मला तरी सांगायचं," आणि तिचा आवाज ओला झाला. नवऱ्यानं मान खाली घातली. तिच्या रडण्यानं तो सुटला, मला ते दिसलं. आता त्याला लाज वाटायची गरज नव्हती, लोक त्याची कीव करणार होते. जेवताना त्याला दोनदा आग्रह करून पुरणपोळी वाढली गेली. माझ्याकडे सगळ्या बायका अशा बघत होत्या की नवऱ्याची इज्जत अशी उघड्यावर कोणी काढते का.

मला पश्चात्ताप झाला नाही. परत येताना तो मागची कडी धरून बसला, माझ्या खांद्याला हात लावला नाही, आणि एकही सूचना केली नाही. इतका शांत रस्ता मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"भाजी आणतो," तो म्हणाला. "चावी दे."

डॉक्टरांनी चालवायला हरकत नाही म्हणून सांगितलं होतं. मी चावी दिली. तासाभरानं तो आला आणि मेथीची जुडी स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवून पेपर वाचायला शेजारी निघून गेला. मेथी अर्ध्याहून जास्त पिवळी पडलेली होती, आणि आता दिसत नाही ही सबब उरली नव्हती. मी हिरवी पानं निवडली, तेवढ्यात दोघांपुरती भाजी झाली.