हळदीतला ट्रम्पेट

हरेश्वरबद्दल मी लिहावं, एवढी माझी त्याच्याशी ओळख नव्हती. बँडमध्ये काही वर्षं त्याच्या शेजारी क्लॅरिनेट वाजवत होतो, इतकंच. तो मढचा कोळी. मी मालाडच्या चाळीतला, गिरणीच्या संपात काम गेलेला. त्याच्या घरी मी कधी गेलो नाही.

बळवंतमास्तरांचा बँड त्यांच्या वडिलांच्या वेळचा. वाजवता वाजवता आम्हीही नाचायचो. कोळीवाड्यातल्या हळदीत मध्येच सगळा बँड थांबायचा आणि ट्रम्पेट एकटा वाजायचा. नवऱ्याचे मामा-काका त्यावर नाचायचे. हरेश्वर त्यात असे वाकडे सूर घुसडायचा, की मास्तर म्हणायचे, "हे हॉटेलातलं जॅझ कुठून उचललंस रे?" तो नुसता हसायचा. मीही कधी विचारलं नाही. त्या एकट्या वाजवण्यासाठीच तो बँडमध्ये होता, हे मात्र कळायचं.

१९८६ साली ट्रम्पेटचा दाब पेलणारे त्याचे पुढचे दात हलायला लागले. पावसाळ्यात लग्नं नसतात, तेवढ्यात कवळी बसेल, म्हणून त्याने ते काढून घेतले. "नवे दात, नवा आवाज!" तो म्हणाला. मास्तरांनाही पटलं. सरावात आवाज फाटायचा, तर म्हणायचा, "बसंल हळूहळू."

दिवाळीनंतरची पहिली हळद त्याच्याच गावात, त्याच्या शेजारच्या मथुरामावशीकडे. बँड थांबला. त्याने ट्रम्पेट ओठांवर दाबला. नुसती हवा आली.

"काय रं हरेश्वर, फुगं फुगवतंस काय?" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

लोक हसले. तोही हसला. परत लावला. आत कवळी कटकन निसटली, ते मी शेजारी होतो म्हणून ऐकलं. मास्तरांनी घाईने ढोलवाल्याला खूण केली.

त्याला काढलं नाही. लग्नघरचे लोक बँड माणसं मोजून ठरवतात. म्हणून गणवेश घालून, ट्रम्पेट तोंडाला लावून, गाल फुगवून तो पुढच्या रांगेत चालायचा. फुंकायचा नाही. त्याचे सूर मी वाजवायचो. तसे यायचे नाहीत.

मुलुंडच्या वरातीला तो आला नाही. नंतरही नाही. वर्षाच्या आत तो गेल्याचं कळलं.

मुलुंडच्या आधी गोरेगावला वरात संपल्यावर आम्ही दोघं ट्रम्पेट-क्लॅरिनेट पुसत बसलो होतो. वाजवून झालं की ट्रम्पेटमधलं लाळेचं पाणी झटकावं लागतं. त्याच्यातून काही पडलं नाही, तरी त्याने झटकलं.

"दशरथ, मुलुंडला जेवण देणार काय रं?"

"देतील बहुतेक."

"मंग डबा नको आणायला."

"नको."