दोन तासांची वाट

लढाईच्या दिवसांत आमचे घरधनी पूर्वेकडच्या जंगलात विमानांत माल चढवायच्या कामावर होते आणि मी इथे गडाच्या पायथ्याला गुंजवण्यात सासूबाईंजवळ. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं, पत्र शाळेचे मास्तर वाचून दाखवत. दसऱ्याला पत्र आलं, त्यातली दोन विमानतळांची नावं सरकारने काळ्या शाईने खोडली होती. उरलं ते एवढंच : ‘उद्या इथून तिथे विमानाने जायचं आहे. दोन तास लागतात. पायी डोंगरांतून दोन महिने. पोचलो की पत्र टाकतो.’

“दोन तास म्हंजी किती वो, मास्तर?” मी विचारलं. घरात घड्याळ कुठलं! ते म्हणाले, “हितनं गड चढून पद्मावतीच्या देवळाशी टेकावं, तेवढे.” माझा जीव भांड्यात पडला. मग दर मंगळवारी मी गड चढायची. देवळाशी टेकलं की वाटायचं, पोचले असतील. पण दिवाळी गेली, भात झोडून झालं, पत्र नाही. सासूबाई माझ्या कपाळावरचं कुंकू बघायच्या आणि मान फिरवायच्या.

मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी माझा तोल सुटला. देवीला म्हटलं, “म्या एवढ्यांदा चढले, तुला एकदा त्यास्नी आणता येईना? बस खुशाल शेंदूर लावून!” आणि पायरीवर बसून भडाभडा रडले. माचीवर एक म्हातारी धनगरीण शेळ्या चारत होती. तिने ताकाचा गडवा पुढे केला. “कुणापाई रडतीस?” मी सांगितलं, विमानाने गेलेत, दोन तासांची वाट. ती हसली. “इमानाचं सोड, पोरी. मानूस घरला पायानंच येतो. तेवढी वाट बघ. ऊठ आता.”

मी उठले. नंतर वाड्यावाड्यांतून चौकशी केली, पण तशी म्हातारी कुणाला ठाऊक नव्हती. असेल कुणी.

संक्रांतीला पत्र आलं. विमान वाटेत जंगलात पडलं होतं. वाचले ते चालत निघाले, दोन महिने. ‘एके दिवशी मी बसलो तो मला उठवेचना,’ त्यांनी लिहिलं होतं. ‘तिथल्या एका म्हातारीने भाताची पेज पाजली. तिची बोली कळली नाही, पण ऊठ म्हणाली तेवढं कळलं.’ मास्तरांनी ते दोनदा वाचलं. तो दिवस कोणता, हे मी यांना पुढे कधी विचारलं नाही. दोन महिने पत्रात पहिल्यापासून लिहिलेले होते, मीच दोन तास धरून बसले होते. देवीला मात्र उगाच बोलले.

ते आले, संसार झाला. मग ते एकटेच पुढे गेले, आता कायमचे. हे अंतर किती, ते मी कुणाला विचारत नाही. पद्मावती आई, त्यांना आणलंस तशीच मलाही चालत ने. घाई फार होते ग, पण चालते मी.