कुटुंबप्रमुखाशी नाते

माझं अक्षर सुरेख आहे. हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात. आणि त्याच अक्षरानं मला असं तोंडघशी पाडलं, की अजूनही रेशनच्या दुकानात शिरण्याआधी मी बाहेरूनच डोकावून बघतो, आत ओळखीचं कोण उभं आहे ते. चहा घ्या, गार होतोय. सांगतो सगळं.

मी मार्केट यार्डात कांद्याच्या गाळ्यावर गोण्यांवर मार्का टाकतो. म्हणजे रंगात कुंचला बुडवायचा आणि गोणीवर व्यापाऱ्याचं नाव, गाव लिहायचं. वीस वर्षं झाली. गोणी हमालाच्या पाठीवर असताना लिहिलंय, पण माझी वेलांटी कधी हलली नाही. त्यामुळे यार्डामागच्या आमच्या अकरा खोल्यांच्या चाळीत मला सगळे 'मास्तर' म्हणतात. शाळेत मी नववीपर्यंतच टिकलो, पण ते विचारतो कोण? कुणाला अर्ज लिहायचा असला की तो माझ्याच दारात.

तर एक दिवस रेशनवाल्या काकांनी दुकानावर पाटी लावली. 'कार्डे कॉम्प्युटरवर चढणार आहेत. सर्वांनी नवे फॉर्म भरून द्यावेत. न भरणाऱ्यांनी नंतर वाद घालू नये.'

मी गमतीनं विचारलं, "काका, आधी घातला तर चालेल का?"

"दुकान नऊला उघडतं," काका मान वर न करता म्हणाले. "वाद उघडत नाही."

फॉर्म घेऊन घरी आलो, आणि पहिल्याच ओळीला ठेच लागली. नियम असा, की घरातली सगळ्यात मोठी बाई ती कुटुंबप्रमुख. आई जाऊन बरीच वर्षं झाली. म्हणजे आमच्या घरात प्रमुख कोण? सुनंदा. माझी बायको.

खोटं कशाला बोलू, मला ते लागलं. मी वडिलांना म्हटलं, "तात्या, ऐकलंत का? आता या घराची प्रमुख सुनंदा."

तात्या यार्डातले जुने हमाल. वय चौऱ्याहत्तर, पण मिशा अशा की लिंबू ठेवा, पडणार नाही. ते म्हणाले, "मग आजवर कोन हुतं?"

मी फॉर्म पुढे ओढला आणि लिहायला घेतलं. पहिल्या ओळीत सुनंदाचं नाव. खाली घरातल्या एकेकाचं नाव, वय, आणि शेवटच्या रकान्यात 'कुटुंबप्रमुखाशी नाते'. आता तुम्हीच सांगा, याचा अर्थ काय? मी सरळ अर्थ घेतला. कुटुंबप्रमुख सुनंदा. ती माझी कोण? पत्नी. माझ्या नावापुढे लिहिलं, 'पत्नी'. ती तात्यांची कोण? सून. तात्यांपुढे लिहिलं, 'सून'. आमच्या प्राजक्ताची ती कोण? आई. सोळा वर्षांच्या प्राजक्तापुढे लिहिलं, 'आई'. काय ते अक्षर! फ्रेम करून भिंतीवर लावावं असं.

सुनंदानं पीठ लागलेल्या हातानंच फॉर्म उचलला. "अहो, तुमच्या नावापुढे 'पत्नी' कसं? पत्नी तर मी आहे ना?"

"प्रमुख कोण? तू. तू माझी कोण? पत्नी. मग तेच लिहिणार ना?"

"पण वाचायला कसंतरी वाटतंय."

"वाचायला कसंतरी वाटतं म्हणूनच तो सरकारी फॉर्म आहे. तुला फॉर्ममधलं काय कळतं?"

"बरं," म्हणाली आणि भाकऱ्या थापायला गेली. हे 'बरं' फार वाईट असतं. ज्यांची लग्नं झालीयत त्यांना कळेल, बाकीच्यांना कळायला वेळ आहे.

एवढ्यावर थांबलो असतो तर घरातल्या घरात मिटलं असतं. पण चाळीत बातमी गेली, मास्तरांचा फॉर्म झाला. दोन दिवसांत दहाच्या दहा घरं फॉर्म घेऊन दारात. मी ऐटीत चटई टाकून बसलो आणि सगळ्यांचे फॉर्म भरले. शेजारचे हमीदभाई, गाद्या भरतात, त्यांच्या घरात प्रमुख त्यांची अम्मी. हमीदभाईंच्या बायकोपुढे मी ठसठशीत लिहिलं, 'सासू'. पाटलांच्या तान्ह्या नातवापुढे 'आजी'. बायका कौतुक करत होत्या, बघा, कशी मोत्यासारखी अक्षरं. सुनंदा तेवढी त्यात नव्हती. ती नुसती चहा करत होती आणि प्रत्येक फॉर्म टाकायला जाण्याआधी एकदा वाचत होती.

दीड महिना गेला. गणपती चार दिवसांवर आले. त्या वर्षी सणाला रेशनवर रवा, साखर, डाळ आणि तेल मिळणार होतं. चाळीचा एकच गणपती, आणि करंज्या सगळ्यांनी मिळून करायच्या, त्या याच रव्याच्या, असं बायकांनी ठरवून टाकलं होतं. परातीही घासून झाल्या होत्या. आम्ही सगळे पिशव्या घेऊन दुकानात गेलो. पहिला नंबर अर्थातच मास्तरांचा.

काकांनी मशीनवर नंबर टाकला. मशीनकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा मशीनकडे.

"यातली पत्नी कोण?" त्यांनी विचारलं.

"ही काय," मी सुनंदाकडे बोट केलं.

"या कुटुंबप्रमुख आहेत. मी पत्नी विचारतोय. पत्नी, वय पंचेचाळीस, पुरुष."

रांगेतल्या माना पुढे आल्या. काका वाचतच राहिले. "सून, वय चौऱ्याहत्तर, पुरुष."

तात्यांनी मिशीवरून हात फिरवला. "सून म्हंजी? मी?"

"आई, वय सोळा," काका म्हणाले. "आईंचं अभिनंदन." आणि चष्मा काढून पुसत म्हणाले, "कार्ड तपासणीसाठी थांबवलंय. माल मिळणार नाही. पुढचा."

पुढचे हमीदभाई. थांबवलंय. त्यापुढचे पाटील. थांबवलंय. अकराच्या अकरा कार्डं. अकरा रिकाम्या पिशव्या एकाच वेळी माझ्याकडे वळल्या. हमीदभाईंची बायको अम्मीच्या मागे तोंड लपवून हसत होती, कारण कॉम्प्युटरच्या हिशेबानं ती आता अम्मीचीच सासू झाली होती. अम्मी मात्र हसत नव्हत्या. "मास्तर," त्या म्हणाल्या, "करंज्या रव्याच्या होतात. अक्षराच्या होत नाहीत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार दिवसांवर सण, चाळीतल्या पोरांनी करंज्यांवर डोळे लावलेले, आणि हे सगळं कुणामुळे? माझ्या वेलांटीमुळे.

दुसऱ्या दिवशी हमीदभाईंच्या ओळखीचा टेम्पो केला आणि रेशनिंग ऑफिस गाठलं. टेम्पोत अकरा कुटुंबप्रमुख, आणि कोपऱ्यात सुनेसह मी. हो, तात्या आले होते. ते म्हणाले, माझं बाईमानूस नाव पुसल्याशिवाय मी जेवायचा न्हाई.

खिडकीतल्या मॅडमनी अकराही फॉर्म टेबलावर पसरले. एकेक उचलून बघितला. मग म्हणाल्या, "अक्षर सुंदर आहे."

माझी मान जरा वर झाली.

"इतकं स्वच्छ लिहिलं नसतं ना, तर आमच्या माणसानं फोन करून विचारलं तरी असतं. हे इतकं ठाम दिसतंय, की त्याला वाटलं असेल त्यांच्यात असंच असतं."

मान खाली आली.

मॅडमनी दुरुस्तीचे कोरे फॉर्म दिले. "आत्ता भरून दिलेत तर संध्याकाळपर्यंत चढवते. पण नातं लिहायचं ते प्रमुखाकडून. म्हणजे हा माणूस प्रमुखाचा कोण लागतो, ते. कळलं?"

"कळलं," मी म्हणालो आणि खिशातलं पेन काढलं.

ते माझ्या हातातून कुणी काढून घेतलं, मला अजून सांगता येत नाही. सुनंदा, अम्मी, पाटलांच्या काकू, सगळ्यांचे हात एकदमच आले होते. "तुम्ही बाहेर बसा," सुनंदा म्हणाली. "टेम्पोपाशी. सुनेला सोबत न्या."

तासाभरानं आत बोलावणं आलं. बाकी दहा फॉर्म तपासून झाले होते, मॅडमच्या हातात आमचा होता. सुनंदाचं अक्षर म्हणजे गवतातून कोंबडी पळाल्यासारखं. पण सगळं बरोबर होतं. तात्या सासरे, मी पती, प्राजक्ता मुलगी.

मॅडम म्हणाल्या, "कारणाच्या रकान्यात यांनी काही लिहिलंय. खरं आहे का, तेवढं तुम्ही सांगा. आमच्याकडे नोंद राहते." आणि त्यांनी सगळ्या खिडकीला ऐकू जाईल असं वाचलं:

"दुरुस्तीचे कारण. आधीचा अर्ज माझ्या पत्नीने भरला होता. तिला फॉर्ममधलं काही कळत नाही."

मागे अकरा बायका उभ्या होत्या. तात्या खांबाला धरून हसत होते. मिशीवरनं खरंच लिंबू पडलं असतं. सुनंदा मात्र माझ्याकडे बघत होती, शांतपणे, त्या दिवशी 'बरं' म्हणताना बघितलं होतं तशी.

काय करता? कॉम्प्युटरमध्ये तर मी अजून पत्नीच होतो. नाही कसं म्हणणार?

"खरं आहे," मी म्हणालो.

"मग इथे लिहा, 'मान्य आहे', आणि सही करा."

लिहिलं. अक्षर मात्र सुरेख आलं.