बिनधुराचा बार

मंचरच्या धरमचंद शेठला सरकारने सहाबारी पिस्तुलाचा परवाना दिला, तेव्हा अख्ख्या पेठेला हसू फुटलं. पाणी गाळून पिणारा, मुंगी आडवी आली तर वाट सोडणारा हा माणूस पिस्तूल घेऊन करणार काय? पण शेठ शिनोलीच्या वरच्या रानातून हिरडा आणायचा आणि त्या वाटेवर गाड्या लुटल्या जात. माझा आजा बहिरू त्याचा गाडीवान, मेंढरं सोडून बैल हाकायला लागलेला धनगर. हे सगळं त्याच्याच तोंडून ऐकलेलं आहे.

जीव घ्यायचा नाही, हा शेठचा नेम. मराठीत नेम दोन तऱ्हेचे, एक व्रताचा आणि एक बंदुकीचा. शेठकडे पहिलाच होता. पण त्याने युक्ती काढली होती. तेव्हाच्या काडतुसात काळी दारू असे. बार आभाळात काढला, की धुराने समोरचा माणूस दिसेनासा व्हायचा आणि त्या धुराआडून आजा बैल पिटाळायचा. दोनदा असं निभावलं.

एकोणीसशे चारच्या सुमारास जुनी काडतुसं संपली. पुण्याच्या दुकानात नवी मिळाली, त्याच पिस्तुलाची, पण दारू भरायची पितळी नळी आखूड. शेठ पडला व्यापारी. "मापात पाप हाय," तो म्हणाला. दुकानदाराने समजावलं, की विलायतेत आता शेवयांसारख्या काड्यांची दारू निघाली आहे, ती थोडी घातली तरी पुरते, म्हणून नळी छाटली. मधल्या काळात पोकळ टोकाची गोळी निघाली होती, पण ती मांस फार फाडायची. परदेशी सरकारांनी सभा भरवून असल्या गोळ्यांना बंदी घातली आणि ती गोळी मागे घ्यावी लागली. ही आपली साधी, शिशाची. शेठने मान डोलावली. धुराचं त्याने विचारलं नाही आणि दुकानदार बोलला नाही. बार काढून बघावा, तर झाडावर पाखरं असतात. मग कसला बार आणि कसलं काय.

शिनोलीच्या अलीकडे, दिवस मावळताना तिघे आडवे आले. शेठने आभाळात बार काढला. कान बधिर करणारा आवाज झाला, पण धूर उदबत्तीएवढाही नाही. समोर उघडा पडला तो थरथरणारा, ढेरपोट्या शेठ. तिघे हसले. आवाजाने बैल बुजले होते आणि माझा आजा गाडीवरून खाली पडला होता. तिघांतल्या गेणू नावाच्या एकाने कुऱ्हाड उचलली आणि तो आज्यावर धावला.

शेठने दुसरा बार काढला. पहिला नेम मोडला आणि दुसरा लागला, गेणूच्या गुडघ्यात. बाकीचे दोघे पळाले.

शेठ रस्त्यातच बसून रडला. मग हिरड्याची पोती तिथंच टाकून त्यांनी गेणूला गाडीत घातलं आणि जुन्नरच्या दवाखान्यात नेलं. गोळी साधी होती म्हणून पाय राहिला, पण तो जन्माचा लंगडा झाला. शिक्षा भोगून तो गावी परतला, तोवर शेठने पिस्तूल सरकारात जमा केलं होतं.

संवत्सरीला जैन माणूस सगळ्यांची क्षमा मागतो, शेजाऱ्याची, सुनेची, गिऱ्हाइकाचीसुद्धा. शेठ दरवर्षी त्या दिवशी उपाशीपोटी गेणूच्या दारात जाऊन हात जोडायचा. आजा चिडायचा, "शेठ, कुऱ्हाड त्यानं उचलली आन माफी तुमी मागताय?"

"कुऱ्हाड त्याची, गोळी माझी," शेठ म्हणायचा.

गेणू तोंड फिरवून "न्हाई" म्हणायचा. मला तर आजही त्याचा राग येतो. ती गोळी सुटली नसती, तर माझा बाप जन्माला आला नसता.

पुढे शेठ म्हातारा झाला, अंथरुणाला खिळला. त्या साली त्याला गाडीत निजवून नेलं. जोडायला गेलेले हात जुळेनात. गेणू तरीही "न्हाई"च म्हणाला. आज्याने त्याला बाजूला ओढलं. "म्हातारा आज हाय, उद्या न्हाई. आता तरी माफ कर की रं."

गेणूचे डोळे भरले होते. "कसं करू, बहिरूभाऊ? वर्साकाठी माझ्या दारात ह्यो एकच माणूस येतो. माफ केलं, तर त्यो बी येनार न्हाई."