ज्याचं भांडण त्यानं भांडू नये

जगातलं कुठलंही भांडण मिटवू शकेल असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि त्याच्याइतका भांडखोर माणूसही दुसरा पाहिला नाही. आमच्या परळच्या शाळेतले ड्रॉइंगमास्तर. उंची बेताची, आवाज गिरणीच्या भोंग्याचा आणि बोटांना बारा महिने रंग. तो रंग मुलांच्या चित्रांचा कमी आणि मोर्चाच्या फलकांचा जास्त. संयुक्त महाराष्ट्राचे ते दिवस. लालबागेपासून गिरगावापर्यंत कुठल्याही फलकावरच्या 'झालाच पाहिजे'मधला 'च' जरा पोट सुटल्यासारखा दिसला, की तो मास्तरांच्या हातचा, हे शेंबडं पोरही सांगायचं. मी तेव्हा नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. मला पहिल्यापासून चौकशा फार. आमची आई मालवणी. ती कपाळाला हात लावून म्हणायची, "तुका कित्याक व्हयी गो नसती चौकशी!" पण मास्तरांना एकदा पाहिल्यावर चौकशी न करणं कुणाला जमलं असतं?

आमच्या शाळेत मुलं दप्तराबरोबर घरची भांडणंही घेऊन यायची. सकाळी चाळीच्या नळावर दोन आया भांडल्या, की मधल्या सुट्टीत त्यांची पोरं एकमेकांची सदरे फाडायची. आम्हा शिक्षकांकडे त्यावर औषध एकच, छडी. हेडसर या रोजच्या कटकटीला विटले होते. एकदा त्यांनी पाहिलं, की रक्तबंबाळ नाकांची दोन पोरं ड्रॉइंगमास्तरांच्या खोलीत गेली आणि थोड्या वेळानं एकमेकांचे गृहपाठ उतरवत बाहेर आली. झालं! "मास्तर, ही विद्या सगळ्यांना शिकवा," असं फर्मान निघालं आणि दर शनिवारी शाळा सुटली की शिक्षकांच्या खोलीत भांडण मिटवण्याचा तास सुरू झाला. शिकवणार ड्रॉइंगमास्तर, विद्यार्थी आम्ही, आणि तासाला दांडी मारायची सोय नाही.

मास्तरांची पद्धत त्यांची स्वतःची होती. पहिला नियम पाण्याचा. भांडणाऱ्या दोघांनी एकाच माठातलं पाणी घ्यायचं, आणि एक जण बोलत असेल तोवर दुसऱ्यानं ते तोंडात धरून ठेवायचं. गिळायचं नाही, थुंकायचं नाही. "तोंडात पाणी असलं की माणूस ऐकतो. दुसरं करणार काय?" असा त्यांचा बिनतोड सवाल असे. या नियमामुळे सोवळ्यापायी घरून पाण्याचा तांब्या आणणाऱ्या एकदोघांना माठाचं पाणी गोड लागायला लागलं, तो फायदा निराळाच. दुसरा नियम त्याहून अजब. ज्याचं भांडण त्यानं भांडायचं नाही, समोरच्याचं भांडायचं. बंड्यानं गोट्या चोरल्या असं बाळ्या म्हणत असेल, तर बाळ्यानं बंड्या व्हायचं आणि बंड्याची बाजू मांडायची. आणि ज्या वाक्यावरून डोकं फिरलं, ते वाक्य शब्द न शब्द, त्याच सुरात म्हणून दाखवायचं. सराव अर्थात आमच्यावर. पहिल्याच शनिवारी आमचे पहिलवानी ड्रिलसर दुसरीतली मुलगी झाले आणि संस्कृतचे शास्त्रीबुवा तिची मैत्रीण. शास्त्रीबुवा लाजत लाजत म्हणाले, "हिने माझी रिबीन घेतली," आणि ड्रिलसरांच्या तोंडातलं सगळं पाणी शास्त्रीबुवांच्या उपरण्यावर. मास्तर हसले नाहीत. "पुन्हा," म्हणाले.

ही विद्या ते शाळेत ठेवून घरी जात असते तर बरं झालं असतं. पण रस्त्यात कुठं आवाज चढला की यांचे पाय तिकडे वळलेच. लालबागेत एकदा नळावर दोन बायकांची जुंपली होती. मास्तर मध्ये शिरून म्हणाले, "बाई, आधी तुम्ही यांचं भांडण भांडा." त्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि मग मिळून मास्तरांनाच असं धुतलं, की यंव रे यंव! मी शेजारीच उभी होते. धोतर झटकत मास्तर मला म्हणाले, "पण मिटलं की नाही?" बाजारातही तेच. कोळणीशी घासाघीस करताना हे तिची बाजू इतकी तळमळीनं मांडत, की शेवटी तिनं सांगितलेल्या भावापेक्षा जास्तच देऊन घरी येत. वहिनींनी त्यांना मासळीबाजार बंद केला होता.

आणि असा हा माणूस शाळेतल्या एका माणसाशी अवाक्षर बोलत नसे! गणिताचे गुजराती सर. त्यांना सगळी शाळा मोटाभाई म्हणायची. शांत, टोपी कधी वाकडी न होणारे, मुलांना भागाकार शिकवताना चिंचा-बोरं वाटणारे. दोघांच्या खुर्च्या एकाच टेबलाशी, खिडकीजवळ. पण मास्तर मला म्हणायचे, "बाई, यांना सांगा, ऊन येतंय." मग मी हातभर अंतरावरच्या मोटाभाईंना सांगायचं, "ऊन येतंय." मोटाभाई खिडकी लावायचे आणि म्हणायचे, "बाई, तेमने सांगा, लावली." शनिवारच्या तासाला मात्र मोटाभाई न चुकता येत, शेवटच्या बाकावर बसत आणि सांगितलं की मुकाट्यानं तोंडात पाणी धरत.

आता सांगा, मला झोप लागेल का? मी एकेकाला गाठून विचारलं. ड्रिलसर म्हणाले खुर्चीवरून बिनसलं, शिपाई म्हणाला चहावरून. शेवटी शास्त्रीबुवांनी खरं सांगितलं. पूर्वी हे दोघं एका कपातला चहा दोन बशांत ओतून प्यायचे, अरे-तुरेची दोस्ती. मग मुंबईत गोळीबार झाला. माणसं गेली, त्यात आमच्या शाळेतून शिकून गेलेला एक मुलगाही होता. दुसऱ्या दिवशी मोटाभाई या खिडकीशी बसून म्हणाले, "आज काही गंमत नाही." मास्तर ताडकन उठले. "पोरं मेली, आणि तुम्हाला गंमत हवी?" एवढं बोलून गेले ते गेलेच. त्या दिवशी 'तू'चं 'तुम्ही' झालं. परक्याला म्हटलं तर तो मान, पण मित्राला म्हटलं तर दार लावून घेणं. मोटाभाईंनीही कधी खुलासा केला नाही. मला काही ते पटेना. चिंचा-बोरं वाटणारा माणूस असं बोलेल? पण मास्तरांपुढे विषय काढायची कुणाची टाप नव्हती.

अशात दोन राज्यं वेगळी होणार हे नक्की झालं. लालबागेत पेढे वाटले गेले, मास्तर तर नाचायचेच बाकी होते. आणि त्याच आठवड्यात कळलं, की मोटाभाई वर्ष संपलं की शाळा सोडून भावनगरला भावाकडे चालले. कायमचे. मास्तरांनी ते ऐकलं आणि ब्रश धुवायला घेतला. धुतलेलाच ब्रश ते पुन्हा पुन्हा धूत होते. मला वाटलं, आता बोलले नाहीत तर हे दोघं जन्मात बोलायचे नाहीत.

परीक्षेआधीच्या शेवटच्या शनिवारी मास्तरांनी नेहमीसारखं विचारलं, "बोला, आज कुणाचं भांडण घ्यायचं? खोटं नको, खरं हवं." मी उभी राहिले. म्हटलं, "तुमचं, सर."

मास्तर माझ्यावर खेकसणार, तोच हेडसर म्हणाले, "बरोबर आहे बाईंचं. नियम सगळ्यांना सारखा." मोटाभाई उठले, माठाशी गेले, तोंडात पाणी भरून समोर येऊन उभे राहिले. आता मास्तर पळणार कुठं? स्वतःच खणलेला खड्डा! ते खाली बघत म्हणाले, "मी मोटाभाई. मी खिडकीशी बसलो होतो. आदल्या दिवशी गोळीबार झाला होता. मी म्हणालो, आज काही गंमत नाही."

मोटाभाईंनी नाही, नाही अशी जोरजोरात मान हलवली. गाल फुगलेले, डोळे मोठे झालेले, पण तोंडात पाणी! नियम म्हणजे नियम.

"सर, त्यांच्या सुरात म्हणा," मी म्हटलं. "शब्द न शब्द."

मास्तरांनी डोळे मिटले. मोटाभाईंचं ते संथ, अक्षराला टेकत टेकत चालणारं बोलणं त्यांना न यायला काय झालं, इतकी वर्षं एका टेबलाशी काढलेली. हळूच म्हणाले, "आज काही... गमत नाही."

आणि थांबले. तोंड उघडंच राहिलं. "गमत नाही?" पुन्हा म्हणाले. मग एकदम घरच्या मालवणीत, आईच्या आठवणीनं, स्वतःशीच, "माझी आवस गावाहून येयची, तेव्हा खिडकीत बसान हेंच म्हणायची. माका हंय गमणा नाय. हंय जीव लागणा नाय..."

मोटाभाईंनी घोट गिळला. "अरे, ते ज, तेच!" ते म्हणाले. "आमच्यात पण एमज बोलतात. पोरगा गेला, माझ्या वर्गातला. जीव लागत नव्हता. मी बीजू काय बोलणार होतो?"

"मग इतके दिवस सांगितलं का नाहीस रे, शहाण्या?" मास्तर ओरडले. भोंगा फाटला होता.

"तू विचारलं ज क्यां?" मोटाभाई म्हणाले.

मास्तरांनी मोटाभाईंचा दंड धरला आणि तसेच उभे राहिले. रंगाची बोटं पांढऱ्या सदऱ्यावर उमटली. शास्त्रीबुवा उपरण्यानं डोळे टिपत होते, मी तर रडतच होते, आणि ड्रिलसर शिपायाला ओरडून सांगत होते, "एक चहा आण, आणि दोन बशा!" त्यानंतर वर्ष संपेपर्यंत त्या टेबलाशी जी बडबड चालली, ती बघून हेडसर म्हणाले, यापेक्षा अबोला बरा होता. मोटाभाई गेले त्या दिवशी तो रंगाच्या डागांचा सदराच घालून गेले.

पुढे महाराष्ट्र झाला. शाळेला सुट्टी होती, तरी झेंडावंदनाला आम्ही सगळे जमलो. चाळीचाळीला तोरणं, ढोल, गुलाल. मैदानावर मास्तर कुठं दिसेनात, म्हणून मी पेढ्यांचं ताट घेऊन वर गेले. ते खिडकीशी बसले होते, मोटाभाईंच्या खुर्चीत. खाली रस्त्यावर त्यांच्याच हातचा पोट सुटलेला 'च' मिरवत पोरं चालली होती.

"काय सर, झालो मा शेवटाक महाराष्ट्र?" मी म्हटलं.

"झालो गो," मास्तर म्हणाले. पेढा घेतला, अर्धा मोडला आणि उरलेला अर्धा सवयीनं समोर टेबलावर ठेवला. त्याच्याकडे बघत, अगदी मोटाभाईंच्या सुरात, अक्षराला टेकत टेकत म्हणाले, "पण आज काही गमत नाही."