दयारामच्या गाडीतली डबी

दयाराम एकतीस वर्षं माणगाव-दिवेआगर टॅक्सी चालवत होता. आश्लेषा टॅक्सी स्टँडवर आली तेव्हा पहिला होकार त्यानेच दिला. दिवेआगरच्या वाडीवाल्यांची ही मुलगी पुण्यात शिकत होती. टॅक्स्या कुठे थांबतात, किती वेळ थांबतात, याचा तिला अभ्यास करायचा होता. त्यासाठी गाडीत काडेपेटीएवढी एक डबी बसवायची, की गाडीचा सगळा प्रवास तिला संगणकावर दिसणार.

"आमच्यावर पाळत ठेवायची हाय काय?" दयारामचा सोबती रतन कुरकुरला.

"माझ्या गाडीत बसव पोरी," दयाराम म्हणाला. "मला काय लपवायचं न्हाय."

तीन महिन्यांनी आश्लेषा कागद घेऊन आली. "काका, बोर्ली सोडल्यावर तुम्ही रोज थांबता. जानेवारीत तीन मिनिटं थांबायचात, आता अकरा."

"इंजिन तापतं."

"मग घाट चढताना एकदाही कसं तापलं नाही?"

प्रवाशांनाही दयाराम इंजिनाचंच कारण सांगायचा. खरी गोष्ट अशी होती, की बोर्लीला टपावर नारळाची पोती चढवली की त्याच्या छातीवर दडपण यायचं आणि डाव्या हातात कळ जायची. शेवटी त्याने ते सांगितलं आणि घाईघाईने म्हणाला, "केसरला बोलू नको."

"मी नाही बोलणार. तुम्हीच सांगा. आजच."

त्या संध्याकाळी त्याने बायकोला सांगितलं. केसर रडली नाही, रागावलीही नाही. सकाळी तिने रतनला चावी दिली आणि नवऱ्याला त्याच्याच टॅक्सीत मागे बसवून माणगावला डॉक्टरांकडे नेलं. तिथून लगेच पनवेलला पाठवलं. हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या तुंबल्या होत्या. "गाडी चालवताना झटका आला असता तर?" डॉक्टरांनी विचारलं. गाडीत रोज मागे बसणारी माणसं दयारामच्या डोळ्यांपुढे आली.

बरा होऊन स्टँडवर परतल्यावर त्याने आधी काय केलं असेल, तर एकेका ड्रायव्हरला गाठून डबी बसवायला लावली. चौदा जण तयार झाले, रतनसुद्धा. मग दिसून आलं, की दुपारी सगळ्या टॅक्स्या माणगावला उभ्या असतात आणि बोर्लीला माणसं ताटकळतात. ड्रायव्हरांनी आपसात बोलून पाळ्या बदलल्या. बोर्लीची दुपारची पाळी दयारामला मिळाली. घर बोर्लीतच, त्यामुळे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो दुपारचा घरी जेवू लागला. टपावर पोती मात्र आता दुसरं कोणीतरी चढवतं.

आश्लेषाचा अहवाल छापून आला. रतनने आभाराचं पान वाचून दाखवलं. त्यात पहिलंच नाव दयारामचं होतं.

"माझं कशाला?" तो ओशाळून म्हणाला. "आभार मी मानायचे ना तिचे."

केसरने तांदळाचे पापड बांधून ठेवले होते. ते घेऊन दोघं नवरा-बायको दिवेआगरला, आश्लेषाच्या घरी गेले.