नानांनी उचललेला फोन

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी सरळ उठून जाते. देवासला शाळेत फिजिक्स शिकवते, माझ्यापुढे असलं काही चालत नाही. तरी हे लिहितेय...

माहेर धारचं. घरच्या लँडलाइनवर लोनवाले, विमावाले, प्लॉटवाले सारखे पिडायचे. माझं डोकंच फिरायचं! माझे वडील, नाना, मात्र खोकत खोकत उठून प्रत्येक फोन घ्यायचे आणि आधी विचारायचे, "बेटा, खाना खाया?" दारी आलेल्याला जेवणाचं विचारल्याशिवाय आमच्याकडे पाठवत नाहीत, नानांनी ती रीत फोनलाही लावली. मी ओरडायचे, "अहो नाना, ठेवा ना!" तर म्हणायचे, "अगं, दिवसभर शिव्याच खातात बिचारे."

नाना गेले. लँडलाइन मीच कटवली, डबडं भंगारात दिलं. आई तिथे एकटीच राहिली.

गेल्या उन्हाळ्यात, भर दुपारी, स्टाफरूममध्ये माझा मोबाइल वाजला. पलीकडे एक मुलगी.

"मॅडम, पर्सनल लोन कंपनी से..."

"नहीं चाहिए!"

"मॅडम, काटना मत! धार के नंबर पे लगाया था, एक अंकल ने उठाया. पूछा, बेटा, खाना खाया? फिर आपका नंबर दिया. बोले, मेरी बेटी को बोलो, उसकी आई बाथरूम में गिर गई है."

आईला फोन लावला — उचलेना. आईच्या शेजारच्या भियांना (आमच्याकडे दादाला भियाच म्हणतात) लावला. "भिया, दार तोडा, पण आत जा!"

आई खरंच न्हाणीघरात पडली होती. खुबा मोडलेला, धड शुद्धही नाही. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले.

नंतर त्या मुलीचा नंबर कितीदा लावला, लागतच नाही. टेलिफोन ऑफिसात गेले तर म्हणे, "मॅडम, वो कनेक्शन तो कब का बंद है." कुणी चेष्टा केली म्हणावं, तर घर आतून बंद, आई पडल्याचं कळणार कुणाला?

आईला हॉस्पिटलात भीत भीतच सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्या पोरीला विचारलंस का गं, त्यांचा खोकला थांबलाय का?"

नव्हतं विचारलं... आता अनोळखी नंबर मी कापत नाही. लोन, विमा, प्लॉट, सगळं ऐकून घेते आणि शेवटी विचारते, "धार में किसी अंकल से बात हुई थी क्या?"

अजून कुणी हो म्हटलेलं नाही.